हललेल्या पक्ष्याचा फोटो

एका जंगलात एक कॅमेरा राहायला आला.

आला म्हणजे काय, शहरातला एक पाहुणा जीपमधून आला होता. त्याने दिवसभर वाघ शोधला. वाघ काही सापडला नाही. संध्याकाळी वैतागून तो परत गेला आणि कॅमेरा तेवढा पळसाच्या बुंध्याशी विसरला. वाघ त्याच पळसामागे बसला होता. पण ती गोष्ट वेगळी.

तर मुलांनो, तो कॅमेरा हुप्पाजी नावाच्या वानराला सापडला. त्यात वीज कुठून यायची, हे मला विचारू नका. जिथे वानर फोटो काढतो तिथे वीजही कुठून तरी येत असेल.

कॅमेरा येण्याआधी त्या जंगलाचं बरं चाललं होतं. कोतवाल पक्षी ओरडला, "साप!" की सगळे पळायचे. मोर म्हणाला, "ओढ्याचं पाणी आटलं," की सगळे दुसऱ्या पाणवठ्यावर जायचे. एकमेकांच्या शब्दावर भागत होतं.

कॅमेरा आला आणि जो तो विचारू लागला, "फोटो आहे का?"

कोतवाल ओरडला, "साप!"

ससा म्हणाला, "फोटो दाखव."

त्या सशाचं पुढे काय झालं ते मी सांगत नाही. तुमची जेवणं व्हायची आहेत.

आता फोटो आले म्हटल्यावर ते पारखणारेही आलेच. वडाच्या झाडाखाली एक ओळख मंडळ बसू लागलं. कोण प्राणी कोण आहे, कोण पक्षी कुठल्या जातीचा आहे, हे फोटो बघून मंडळ ठरवायचं. मंडळात दोघंच होते. दोघांचं एकमत झालं तरच निकाल, असा नियम होता. नियम चांगला होता. एकमत मात्र अजून एकदाही झालं नव्हतं.

पहिले होते बगळोजीराव. एका पायावर उभे राहायचे आणि फक्त चोच बघायचे. त्यांचं सगळं ज्ञान चोचीतलं होतं. समोर हत्ती आणून उभा केला तरी आधी विचारायचे, "हं, चोच कुठे आहे?"

दुसऱ्या होत्या साळूताई साळिंदर. त्या रेघा बघायच्या. रेघा उभ्या की आडव्या, जाड की बारीक, गळ्यावर किती, पोटावर किती. साळूताईंच्या स्वतःच्या अंगावर काळ्यापांढऱ्या काट्यांच्या रेघाच रेघा होत्या. त्यामुळे रेघांखेरीज जगात आणखी काही असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दोघंही स्वभावाने वाईट नव्हते हं. आपल्याला एवढंच येतं, म्हणजे तेवढंच असतं, असं त्यांना वाटायचं. असं वाटायला काही बगळाच असावं लागत नाही.

त्या जंगलाच्या कडेला एक माळ होता. गुडघाभर गवत, मध्ये एक बोरीचं झुडूप. माळाच्या उगवतीला गवतात एक घरटं होतं आणि मावळतीलाही एक होतं. दोन्ही जमिनीवर, गाईच्या खुराएवढ्या खळग्यात. दोन्हींत तीन तीन अंडी.

उगवतीचं घरटं होतं चंडोलणीचं. मावळतीचं होतं तिरचिमणीचं.

या दोघी दिसायला सारख्या. दोघी मातीच्या रंगाच्या. दोघींच्या छातीवर काडीने ओढल्यासारख्या रेघा. देवाने एक घडवली, हात पुसला नाही, तशीच दुसरी घडवली. फरक एवढाच की चंडोलणीच्या डोक्यावर छोटा तुरा होता आणि चोच जरा जाड होती. ती आभाळात उंच चढायची आणि तिथून गात गात खाली यायची. तिरचिमणी सडपातळ, लांब पायांची. गाणं म्हणजे नुसतं चिप् चिप्. पण तिची शेपटी कधी थांबायची नाही. बसली तरी वर खाली, चालली तरी वर खाली.

दोघींचं फारसं पटत नसे. चंडोलीण तिला 'शेपटे' म्हणायची. तिरचिमणी तिला 'तुरेवाले' म्हणायची. पाणवठ्यावर भेट व्हायची तेव्हा एवढंच बोलणं.

त्या जंगलाचा राजा होता रानगवा. गवेराजे. धिप्पाड होते, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसायचे. शिंगांवर त्यांचा फार जीव. रोज सकाळी ऐनाच्या खोडावर शिंगं घासायची, डोहात जाऊन ती बघायची, मग राज्यकारभार.

एका फाल्गुनात गवेराजे म्हणाले, "रानातलं गवत संपलं. परवापासून कळप माळावर चरायला नेऊ. तिथलं गवत गोड आहे म्हणतात."

कोतवाल म्हणाला, "राजे, माळावर चंडोलणीचं घरटं आहे. आजोबांचा शब्द आहे तुमच्या."

शब्द होता खरा. फार वर्षांपूर्वी रानात वणवा लागला होता. सगळीकडे धूर. तेव्हा एक पक्षी माळावरून उठला आणि ओरडत ओरडत ओढ्याकडे गेला. त्या आवाजामागे आजोबा कळप घेऊन धावले आणि वाचले. तो पक्षी चंडोल होता असं म्हणतात. म्हणून आजोबांनी शब्द दिला, "माळावर चंडोलाची अंडी असतील, पिल्लं असतील, तोवर आपला खूर त्यांच्या बाजूला पडणार नाही. ज्याचा पडेल त्याची शिंगं गळतील."

तिरचिमणीला असा शब्द कुणी दिला नव्हता. अशी कुणी आहे हे आजोबांना माहीतच नव्हतं.

शिंगांचं नाव निघाल्यावर गवेराजे थांबले. मग म्हणाले, "मी काही अन्यायी नाही. घरटी दोन आहेत ना? ज्या बाजूला चंडोल आहे तो निम्मा माळ तिचा. दुसरा निम्मा आमचा. कुठली बाजू कुणाची, मंडळाने सांगावं."

कोतवाल म्हणाला, "उगवतीची चंडोलीण. मी रोज बघतो."

"फोटो आहे?"

फोटो कुठला असायला!

हुप्पाजी कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला. हुप्पाजीचं काय होतं, त्याला स्थिर बसता येत नसे. एका हाताने फोटो काढायचा, दुसऱ्या हाताने खाजवायचं आणि बोर दिसलं की तोडायचं. त्याने उगवतीला एक फोटो काढला, मावळतीला एक काढला, वाटेत आठ बोरं खाल्ली आणि आला.

मंडळ बसलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या काचेत दोघांनी डोकं घातलं.

पहिल्या फोटोत गवत होतं, ऊन होतं आणि कोपऱ्यात काहीतरी तपकिरी होतं. दुसऱ्या फोटोत तपकिरी काहीतरी होतं आणि त्याच्यापुढे भलंमोठं काळं काहीतरी होतं.

बगळोजीराव म्हणाले, "हुप्पाजी, फोटो हललाय."

"फोटो नाही हलला. पक्षी हलला."

साळूताईंनी विचारलं, "आणि हे काळं काय आहे?"

"तो माझा अंगठा आहे. तुम्हाला अंगठा ओळखायला सांगितलाय का?"

"कुठला फोटो उगवतीचा आणि कुठला मावळतीचा?"

हुप्पाजी बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "बोरं दोन्हीकडे होती."

बगळोजीराव म्हणाले, "असू द्या. मोठा करा फोटो."

मोठा केला.

"अजून मोठा करा."

अजून मोठा केला. असं करता करता पक्षी गेला, गवत गेलं आणि काचेत नुसते चौकोन दिसायला लागले.

"हा चौकोन तपकिरी आहे," साळूताई म्हणाल्या.

"त्याच्या शेजारचाही तपकिरीच आहे," बगळोजीराव म्हणाले.

"नाही हो, हा मातकट आहे. तो भुरकट आहे. भुरकट म्हणजे चंडोल."

"चोचीच्या जागी भुरकट असेल तर तिरचिमणी."

सकाळपासून दुपारपर्यंत मंडळाने त्या दोन चौकोनांवर वाद घातला. दुपारी एक मुंगी काचेवरून चालत गेली, तिचा पाय कुठेतरी पडला आणि फोटो पुन्हा लहान झाला. तेव्हा कळलं की एवढा वेळ सगळे एका ढेकळाकडे बघत होते. पक्षी पलीकडच्या कोपऱ्यात होता.

तेवढ्यात चंडोलीण स्वतःच वडाखाली आली. आली ती तरातरा चालत.

"अहो, कशाला एवढा त्रास घेता? उगवतीचं घरटं माझं. चंडोलीण मी. गाऊन दाखवू का?"

कुणी हो म्हणायच्या आत ती वर चढली. उंच, उंच, ठिपक्याएवढी झाली. तिथून तिचं गाणं असं खाली सांडत आलं, असं सांडत आलं, की पाणवठ्यावरची हरणं पाणी प्यायची थांबली. मंडळाचा डोळा काही काचेवरून हलला नाही.

बगळोजीराव वर न बघता ओरडले, "बाई, जरा हळू! तुमच्या आवाजामुळे फोटो दिसत नाहीये."

चंडोलीण खाली उतरली. "अहो पण, मी समोर उभी आहे ना!"

साळूताई समजावून म्हणाल्या, "हे बघा बाई, रागावू नका. तुम्ही कोण, हे तुम्ही कसं सांगणार? तुमचं घरटं गुंतलंय यात. मंडळ ठरवील तुम्ही कोण ते."

"म्हणजे मी मला ओळखत नाही?"

"ओळखत असाल हो. पण फोटोत तुम्ही तुमच्यासारख्या दिसत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

तिरचिमणी वडाच्या पारंबीआड उभी होती. बगळोजीरावांना ती दिसली. त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

तिरचिमणी म्हणाली, "मी... फोटोत असेल ती."

बगळोजीराव खूश झाले. म्हणाले, "बघा, याला म्हणतात समजूतदारपणा."

निकाल काही लागेना. तेव्हा साळूताईंनीच तोड काढली. त्यांनी आपल्या पाठीचे तीन लांब काटे उपटले, वेलीने बांधले आणि एक तिपाई केली. कॅमेरा तिच्यावर ठेवायचा. मग हुप्पाजी कितीही हलला तरी कॅमेरा हलणार नाही. उद्या सकाळी फोटो असा येईल की पिसं मोजून घ्या.

गवेराजे म्हणाले, "हे बरं झालं. उद्या निकाल, परवा चारा."

संध्याकाळी चंडोलीण पाणवठ्यावर आली. मोठी आनंदात होती. तिरचिमणी तिथे आधीच एका दगडावर बसली होती.

"काय गं शेपटे, उद्या सोक्षमोक्ष हं!"

चंडोलणीने पाण्यात चोच बुडवली, वर केली आणि तिच्या लक्षात आलं, काहीतरी चुकतंय. तिने पुन्हा बघितलं. तिरचिमणीची शेपटी हलत नव्हती.

असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"बरं नाही का गं तुला?"

"बरी आहे," तिरचिमणी म्हणाली. "तुझं चांगलं आहे बाई. तू चंडोल. फोटो नीट आला की तुझी बाजू राहील, माझी जाईल. आज सकाळी एका अंड्यातून टकटक ऐकू आली."

चंडोलीण म्हणाली, "माझ्याही कालपासून येतेय." मग जरा वेळाने म्हणाली, "तू काय, दुसरी घालशील."

"घालीन की. तू घालशील का?"

चंडोलीण पाण्यात बघत राहिली. पाण्यात दोघींची पडछाया होती. पाणी जरा हलत होतं. कुठली पडछाया आपली, हे तिला क्षणभर कळेना.

मग ती म्हणाली, "शेपटे, ती शेपटी तू हलवतेस कशी गं? खालून वर, का वरून खाली?"

"का?"

"सांग तर आधी."

"मी हलवत नाही. ती हलते."

"असं कसं? मला शिकव."

मुलांनो, चंडोलणीची शेपटी म्हणजे आखूड काम. ती हलवायला गेली की मागचं सगळं अंगच हलायचं. दोनदा ती दगडावरून पाण्यात पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तिरचिमणी त्या दुःखातही हसली.

"हसू नकोस. आता तू तुरा काढ."

"तुरा असता तर काढला नसता का?"

"डोक्यावरची पिसं उभी कर. घाबरल्यावर राहतात ना उभी? घाबर."

"दोन दिवस घाबरलेलीच तर आहे," तिरचिमणी म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिची पिसं उभी राहिली.

"अशीच ठेव! अगदी नुकती न्हाऊन आल्यासारखी दिसतेस. चालेल. आता हे ऐक नीट. उद्या हुप्पाजी कळ दाबील तेव्हा खट् असा आवाज व्हायच्या आधी तो एकदा खाजवतो. मी पाहिलंय. त्याने हात वर नेला की आपण हलायचं. तू तिकडे, मी इकडे."

तिरचिमणी म्हणाली, "पण तुरेवाले, असल्या फोटोवरून मंडळ उद्या म्हणालं की दोघीही तिरचिमण्या, तर? तुझीही बाजू जाईल."

"जाईल."

"मग कशाला करतेस?"

"तू गप्प बस. शेपटी हलव."

दुसऱ्या दिवशी हुप्पाजीने तिपाई रोवली. उगवतीला फोटो काढले, मावळतीला काढले. या वेळी खुणेसाठी उगवतीच्या फोटोत मुद्दाम स्वतःचा अंगठा घातला. हुशार झाला होता तो.

मंडळ बसलं. फोटो बघून सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघालं. असा स्वच्छ फोटो जंगलात कधी निघाला नव्हता. गवताची काडी न काडी दिसत होती. काडीवरचा नाकतोडा दिसत होता. नाकतोड्याच्या मिशा दिसत होत्या. अंगठ्यावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. साळूताईंनी त्या मोजल्या.

फक्त पक्षी तेवढा हललेला.

दोन्ही फोटोत डोक्यावर तुऱ्यासारखं काहीतरी उभं होतं. दोन्ही फोटोत शेपटीच्या जागी धूळ उडाल्यासारखा धुरकट पंखा होता. चोच कुठे संपते आणि पान कुठे सुरू होतं, त्याचा पत्ता नव्हता.

बगळोजीराव म्हणाले, "दोघीही तिरचिमण्या आहेत. शेपटी बघा."

उगवतीला, अंड्यांवर बसलेल्या चंडोलणीला वाऱ्यावरून ते ऐकू आलं. ती डोळे मिटून बसली.

साळूताई म्हणाल्या, "छे! दोघीही चंडोल आहेत. तुरा बघा."

"तुरा चोचीवर असतो का? मग मी तो कशाला बघू?"

"आणि शेपटीला रेघा आहेत का? मग मी ती कशाला बघू?"

एकमत झालं नाही. एकमत नाही म्हणजे शंका आली. शंका आली म्हणजे गवेराजांना खूर टाकता येईना. शिंगांचा प्रश्न होता.

"अजून फोटो काढा," ते म्हणाले.

हुप्पाजीने अजून काढले. रोज काढले. उन्हातले काढले, सावलीतले काढले, बोरीवर चढून काढले. हुप्पाजीचा हात डोक्याकडे गेला की दोन्हीकडे शेपट्या हलायच्या. मंडळ रोज बसायचं. चंडोलणीची मान दुखायला लागली. तिरचिमणीच्या डोक्यावरची पिसं आता न घाबरताही उभी राहू लागली.

मधल्या काळात अंडी फुटली. तीन इकडे, तीन तिकडे. पिल्लं डोळे मिटून, चोची उघडून बसायची. अंगावर पीस नाही. उडायला अजून आठदहा दिवस हवे होते.

आणि नेमके त्याच दिवसांत गवेराजे कंटाळले.

"पुरे झाले फोटो! मी स्वतः बघतो," असं म्हणून ते माळावर आले. मागे कळप, बगळोजीराव, साळूताई, कॅमेरा. सगळ्यांच्या मागे राजांची म्हातारी आई हळूहळू चालत होती. तिच्या अंगावरचे केस पांढरे झाले होते आणि ती सारखी थांबून दम खायची.

गवेराजे माळाच्या मध्यावर, बोरीपाशी उभे राहिले. उगवतीला चंडोलीण, मावळतीला तिरचिमणी. दोघी आपापल्या घरट्यापुढे उभ्या. दोघींचे तुरे वर. दोघींच्या शेपट्या वर खाली, वर खाली.

राजांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुन्हा इकडे बघितलं. डोळ्यांवरून माशी उडवली आणि पुन्हा बघितलं.

बगळोजीराव हळूच म्हणाले, "राजे, असं नुसत्या डोळ्यांनी बघून चालत नाही. फोटो काढून बघावं लागतं."

"गप्प!" राजे ओरडले. त्यांनी पुढचा डावा पाय उचलला. मावळतीकडे. तिरचिमणी जागची हलली नाही. फक्त शेपटी हलत राहिली. पाय हवेतच होता. राजांच्या कपाळावर घाम आला. खूर खाली ठेवला आणि ती चंडोल निघाली तर?

"आई," त्यांनी हाक मारली. "त्या वणव्यात तू होतीस ना? तो चंडोल दिसायला कसा होता गं?"

म्हातारी चालत चालत पुढे आली. "होते की. वासरू होते मी."

"मग सांग ना. तुरा होता? शेपटी कशी होती?"

"अरे बाळा, धुरात कोण बघत बसतं? स्वतःचं नाक दिसत नव्हतं. कुणीतरी ओरडलं, आम्ही त्या आवाजामागे पळालो. पुढे तुझे आजोबा म्हणाले चंडोल, तर आम्हीही म्हणालो चंडोल."

"म्हणजे नक्की माहीत नाही?"

"माझं वय झालं बाळा. आता मला एवढंच माहीत आहे की मी जिवंत आहे."

राजांचा पाय हळूहळू खाली आला. पण जिथून उचलला होता तिथेच आला.

"चला," ते म्हणाले. "शंका आहे. शंका फिटेपर्यंत माळावर कुणी यायचं नाही. मंडळाने काम चालू ठेवावं."

मंडळाला फार आनंद झाला.

कळप निघून गेला. म्हातारी मात्र मागे राहिली. ती मावळतीच्या घरट्यापासून बरीच लांब थांबली आणि म्हणाली, "जरा सावकाश हलव गं. ते गेले आता. आणि तुरा पडलाय बघ तुझा."

तिरचिमणीची शेपटी थांबली. ती घाबरून म्हणाली, "चिप्."

म्हातारीने कान टवकारले. "पुन्हा बोल."

"चिप् चिप्."

म्हातारी बराच वेळ कान देऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हा आवाज मी ऐकलाय. वासरू होते तेव्हा." आणि वळून, दम खात खात, रानात निघून गेली. हे तिने राजांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर राजांनी फोटो मागितला असता.

पुढे आठदहा दिवसांनी पिल्लं उडाली. आधी उगवतीची, मग दोन दिवसांनी मावळतीची. मावळतीची तीन पिल्लं बोरीवर जाऊन बसली आणि तिघांच्या शेपट्या एकदम हलायला लागल्या. तिथे उगवतीचंही एक धाकटं पिल्लू येऊन बसलं होतं. त्याने रोज आईला बघितलं होतं. तेही शेपटी हलवत होतं. हलवता हलवता फांदीवरून पडलं.

"तुझं गं हे, तुरेवाले?" तिरचिमणीने विचारलं.

"तुझंच आहे," चंडोलीण म्हणाली. "माझी मुलं पडत नाहीत."

त्यानंतर हुप्पाजीने रिकाम्या घरट्याचा एक फोटो काढला. घरटं काही हलणारं नव्हतं. त्या दिवशी बोरंही संपली होती, त्यामुळे हुप्पाजीही हलला नाही. फोटो इतका सुरेख आला की अजून त्या जंगलात तसा निघालेला नाही. मंडळाने त्याची फार वाहवा केली. मग बगळोजीरावांनी विचारलं, "पण घरटं कुणाचं म्हणायचं हे?" आणि दोघं पुन्हा वडाखाली बसले. बसलेलेच आहेत म्हणतात.

गवेराजे कळप घेऊन माळावर गेले. पण तोवर गवत उन्हाने वाळून सुंभासारखं झालं होतं. राजांनी एक घास घेतला आणि पुष्कळ वेळ चावला. शिंगं मात्र शाबूत होती. परत जाताना डोहात ती त्यांनी दोनदा बघून घेतली.

तात्पर्य : फोटो काढून घेताना हलू नये, असं शहाणे लोक सांगतात. ते खरंच आहे. पण शहाण्यांची अंडी माळावर नसतात.